वनिताबाईंनी सांगितलेला पिक्चर

धनाजी शिवतरे उभी हयात पुण्याच्या एका दैनिकात सिनेमावर लिहीत आले. नोकरी संपल्यावर ते आणि बायको वनिताबाई त्यांच्या गावी, उत्रोलीला राहायला आले. भावकीतल्या वाटणीत भातखाचरांच्या कडेचा एक तुकडा मिळाला होता, तिथं दोन खोल्या बांधल्या. पण शुक्रवारचा पिक्चर काही सुटला नाही. सकाळी भोरहून एसटी धरायची, पुण्यात नवा पिक्चर बघायचा, दिवेलागणीला परत यायचं आणि रविवारी त्यांचं परीक्षण छापून यायचं. गावात त्यांना पिक्चरवाले अण्णा म्हणत.

मग त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही गेले. कडेचं दिसायचं, बांधावरून चालता यायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं धुरकटायचं. माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा मधोमध झिजलाय, आहे तेवढं जपायचं. पडद्यावरच आयुष्य काढलं आणि पडदाच गेला, असं म्हणून धनाजीराव तिथं हसले.

पेपरात त्यांनी हे कळवलं नाही. सिनेमाचं पान शिवानी बघायची. हुशार पोरगी, त्यांना मानणारी. पण पानच आता अर्ध्यावर आलं होतं. मध्यंतरात थिएटरच्या जिन्यावर उभं राहून मोबाईलसमोर परीक्षण सांगणारी पोरं निघाली होती आणि शुक्रवारी दुपारपर्यंत पिक्चरनं किती कोटी कमावले त्याचे आकडे फिरायचे. अशात न दिसणारा समीक्षक कोण ठेवील? धनाजीरावांना सदराचं मानधन गेलं तरी चाललं असतं. शुक्रवार गेला असता तर मात्र काय करायचं, हे त्यांना उमजत नव्हतं.

एका शुक्रवारी ते अंधारात पायरी चुकले आणि कुणाच्या तरी पॉपकॉर्नवर जाऊन बसले. ते ऐकल्यावर पुढच्या शुक्रवारी वनिताबाई पातळ नेसून, पाण्याची बाटली घेऊन तयार होत्या. वेल्हे तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत त्यांनी पोरं शिकवली होती. सिनेमाची त्यांना मुळीच आवड नव्हती. लग्नानंतर नवऱ्यानं एकदा हौसेनं नेलं तेव्हा त्या पहिल्या अर्ध्या तासात झोपल्या होत्या.

पहिल्या दिवशी त्या पहिलीच्या वर्गाला गोष्ट सांगावी तशा त्यांच्या कानात सांगत होत्या. एक बाई आली. बाईनं निळी साडी नेसलीय. बाई रडतीय. धनाजीरावांना ते पुरेना. कॅमेरा कुठंय, असं त्यांनी विचारलं, तर वनिताबाई म्हणाल्या की पडद्यात कॅमेरा कसा दिसंल. मग एसटीत बसून त्यांनी बायकोला समजावलं की नुसता चेहरा दिसतोय की आख्खा माणूस, वरून दाखवलंय की खालून, एवढं सांगत जा. हळूहळू दोघांचं जमलं. वनिताबाई स्वतःची मतंही घालू लागल्या. गावाकडचा पिक्चर असला की म्हणायच्या, परत ते ड्रोन आलं, वरनं नुसती कौलं दावत्यात, खाली उतरून कुणाच्या घरात काही जात न्हाईत. धनाजीरावांनी ते वाक्य तसंच परीक्षणात घातलं आणि शिवानीचा फोन आला, सर, मस्त.

त्या दिवसांत चांगलेही पिक्चर येत होते. पदरमोड करून, मित्रांना गोळा करून, कुणा पोरापोरींनी केलेले. त्यांना सकाळचा एखादा खेळ मिळायचा आणि आठवडाभरात ते उतरायचे. तसला पिक्चर पाहून आले की धनाजीरावांचा दिवस उजळायचा. पण बाकीचे बरेचसे एकाच चालीचे. नायक संथ चालत येणार, कान फाटेस्तोवर ढोल वाजणार आणि मग कोयते निघणार.

असाच एक, दोन भावांच्या वैराचा पिक्चर आला. पुण्यात सगळ्या थिएटरांत तोच. मध्यंतराच्या आधी धाकट्याला गोठ्यात गाठतात, तिथं आवाजावरूनच धनाजीरावांना कळलं की मारहाण चाललीय. ते वनिताबाईंना सारखं विचारत होते, आता काय, आता काय. वनिताबाई जरा थांबल्या, मग सांगू लागल्या. गोठ्याचं दार लावलंय. बाहेरचं अंगण दावतायत. अंगणात एक कोंबडी दाणं टिपतीय. एकटीच. मान वर करून दाराकडं बघती, परत टिपती.

धनाजीराव खुर्चीत ताठ बसले. कानांवर ते भयंकर आवाज आणि समोर कोंबडी! ही कमालच होती. शेवटच्या हाणामारीतही तेच. आवाज चालू आणि पडद्यावर, वनिताबाईंच्या सांगण्याप्रमाणे, पत्र्यावरून पाणी गळतंय, खाली कळशी भरत आलीय.

त्या रात्रीचं जेवण त्यांना गोड लागलं. दुसऱ्या दिवशी वनिताबाई भोरला बाजाराला गेल्या असताना त्यांनी मोबाईलवर बोलून परीक्षण टाईप केलं आणि परस्पर पाठवून दिलं. हिंसेच्या या बाजारात एका दिग्दर्शकानं कोयता न दाखवण्याचं धाडस केलं आहे, असं त्यांनी लिहिलं. अंगणातल्या त्या कोंबडीवर तर अर्धा परिच्छेद खर्ची घातला.

रविवारी सकाळी शिवानीचा फोन आला.

"सर, ती कोंबडी नेमकी कुठल्या सीनमध्ये आहे?"

"गोठ्याच्या. मध्यंतराआधी."

शिवानीनं सांभाळून सांगितलं की त्या सीनमध्ये कोंबडी नाही. कॅमेरा गोठ्यातून बाहेरच येत नाही, सगळं अगदी जवळून दाखवलंय, पिक्चर मोठ्यांसाठीच पास झालाय. सकाळपासून लोक ते परीक्षण एकमेकांना पाठवत होते. कुणी विचारत होतं, आमच्या थिएटरात कोंबडी का नाही लावली. कुणी म्हणत होतं, म्हातारा झोपला असणार. कुणी म्हणत होतं, पैसे खाल्ले असणार.

धनाजीरावांनी नंतर बोलतो म्हणून फोन ठेवला. वनिताबाई ओट्यावर नाचणी पाखडत होत्या. त्यांनी फोनवरचं ऐकलं होतं. सूप खाली ठेवून त्या आपणहून बोलल्या.

"त्यो कोयता वर गेला आन् म्या डोळं मिटून घेतलं. तुमी सारखं आता काय, आता काय म्हणत व्हता. मिटल्या डोळ्याम्होरं शेजारच्या ठकुबाईची कोंबडी आली, तीच सांगितली."

"आन् कळशी?"

"ती बी माझीच."

"मागच्या महिन्यातल्या पिक्चरात ती खिडकी होती, तुळशीचं रोप ठेवलेली?"

वनिताबाईंनी सूप पुन्हा उचललं. धनाजीरावांनी ती खिडकीही परीक्षणात नावाजली होती.

ते चपला घालून बाहेर पडले. खाचरांच्या बांधावरून रस्त्यापर्यंत गेले आणि मोरीच्या कठड्यावर बसून राहिले. आधी त्यांना नुसता राग होता. इतक्या वर्षांचं नाव एका कोंबडीनं घालवलं. आता कुठल्या तोंडानं पुण्याला जायचं? रस्त्यानं जाणारं कुणी तरी रामराम घालून गेलं, ते कोण हेही त्यांना दिसलं नाही.

मग हळूहळू दुसरं आठवायला लागलं. अंधारात वनिताबाई त्यांचं मनगट धरून बसत. आपण उठून भलतीकडे जाऊ नये म्हणून धरते, असं त्यांना वाटायचं. पण उठायचं नसतानाही ती पकड कधीकधी इतकी घट्ट व्हायची की घरी आल्यावर हात चोळावा लागे. येताना एसटीत त्या कपाळाला पदर बांधून बसायच्या. थिएटरातला गारवा बाधतो, असं सांगायच्या. घरी मटण आणलं तर पिशवीही न उघडणारी ही बाई कितीतरी शुक्रवार आपल्या शेजारी बसून कोयते बघत होती. आणि आपण तिला एकदाही विचारलं नाही की तुला कसं वाटलं. काय दिसतंय, एवढंच विचारलं.

आणखीही एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. तो पिक्चर त्यांना खरोखर आवडला होता. दोन दिवस ते त्याच्यावर खूश होते.

उन्हं चढल्यावर ते घरी आले. वनिताबाईंनी चहा ठेवला होता.

"वनिता," ते म्हणाले, "तुला जे बघवत न्हाई ते म्या तुला बघायला लावलं."

"तुमचा शुक्कुरवार गेला असता," त्या म्हणाल्या आणि चहा गाळायला लागल्या.

धनाजीरावांनी चहा संपवला. मग शिवानीला फोन लावून त्यांनी डोळ्यांपासून कळशीपर्यंत सगळं सांगितलं. सदर बंद केलं तरी तक्रार नाही, असंही सांगितलं. शिवानीनं सदराचं काहीच काढलं नाही. डोळ्यांना त्रास कधीपासून, औषध काय चालू आहे, एवढ्या लांब एसटीनं कसे येता, हेच ती विचारत राहिली. शेवटी म्हणाली, जसं आत्ता सांगितलंत तसंच लिहून द्या सर, काही बदलू नका.

या खेपेला त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला. ते सांगत गेले आणि वनिताबाई त्यांच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहीत गेल्या. धनाजीरावांनी वाचकांची आणि पिक्चर करणाऱ्यांची माफी मागितली. मी तुमचा पिक्चर पाहिलेलाच नाही, तेव्हा माझी स्तुतीही तुम्ही धरू नका, असं स्पष्ट लिहिलं. पुढं लिहिलं की पडद्यावर माणूस कापला जात असताना आपण आता पॉपकॉर्नचा हात थांबवत नाही. त्याला कुणा एका दिग्दर्शकाचा दोष नाही, सगळ्यांनाच सवय झाली आहे. मला स्वतःला झाली होती. माझ्या घरात एका माणसाला अजून झालेली नाही, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. तिचं नाव वनिता.

इथं वनिताबाईंचं पेन थांबलं. हे कशापायी, असं त्या म्हणाल्या. धनाजीराव म्हणाले, लिही. त्यांनी लिहिलं, पण नाव बाकीच्या अक्षरांपेक्षा बारीक काढलं.

ते छापून आल्यावर चेष्टा एकदम थांबली असं नाही. काहींनी लिहिलं की दिसत नसेल तर लिहू नये. त्यात तथ्य आहे, असं धनाजीरावांनीच शिवानीला सांगितलं. तो पिक्चर मात्र जोरात चालत राहिला, त्याला या कशाचा धक्का लागला नाही. पण बऱ्याच वाचकांनी वनिताबाईंना म्हणून पत्रं धाडली, मेल केले. एका बाईंनी लिहिलं की मीही त्या सीनला डोळे मिटले होते, मला वाटलं मी एकटीच. वनिताबाईंनी तेवढं पत्र दोनदा वाचून दाखवलं.

शिवानीनं सदर ठेवलं. कोयत्याचे पिक्चर पेपरातला दुसरा कुणी बघेल, तुम्ही दोघं छोटे पिक्चर बघा आणि कसे बघता ते वाचकांपासून लपवू नका, असं तिनं ठरवलं. सदरावर आता दोन नावं येतात. ज्या पिक्चरांना सकाळचा एकच खेळ मिळायचा त्यांच्यावर सविस्तर लिहायला धनाजीरावांना पहिल्यांदाच सवड मिळाली. शुक्रवारी निघताना ते आता बायकोला आधी विचारतात, येतीस ना. आणि ती येते याचं त्यांना दर वेळी नव्यानं बरं वाटतं.

परवाच्या शुक्रवारी असाच एक छोटा पिक्चर होता. वरंधा घाटाकडच्या वस्तीत राहणाऱ्या माय-लेकीचा, कुणा नव्या मुलीनं केलेला. थिएटरात इनमिन दहा माणसं. सुरुवातीला वनिताबाई नेहमीसारख्या सांगत होत्या. मग त्यांचं सांगणं विरळ झालं आणि थोड्या वेळानं थांबलंच. धनाजीरावांनी वाट पाहिली. पडद्यावर कुणी चूल फुंकत होतं, लांबून पाण्याचा आवाज येत होता. आता काय, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि वनिताबाईंनी नाक ओढलेलं त्यांना ऐकू आलं. त्यांच्या मनगटावरचा हात सैल होता. त्यांनी विचारलं नाही. दिवे लागेपर्यंत ते चुलीचा आणि पाण्याचा आवाज ऐकत तिच्या शेजारी बसून राहिले.

बाहेर आल्यावर वनिताबाई ओशाळल्या. सांगायचं ध्यानातच राहिलं न्हाई, असं म्हणाल्या.

"एसटीत सांग," धनाजीराव म्हणाले. "घाई न्हाई."

स्वारगेटला दोघांनी वडापाव खाल्ला. भोरच्या गाडीत खिडकीकडची जागा त्यांनी वनिताबाईंना दिली. गाडी कात्रजचा बोगदा ओलांडून गेली आणि वनिताबाईंनी अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. घर कसलं होतं, पोरीच्या केसांत काय होतं, माय बोलताना कुठं बघायची, सगळं. कापूरहोळचा फाटा आला तेव्हा त्यांचा पिक्चर मध्यंतरापर्यंतच आला होता.