मान आखूड बांधलेली घोडी

बाडमेरहून आणलेली काळीभोर घोडी रूपल पंजाबातल्या मुक्तसरच्या घोड्यांच्या जत्रेत ट्रकमधून उतरली, तशी माणसं वळून बघू लागली. तिला विकायला आणणाऱ्या गुमानसिंहाची छाती फुगली. पण रूपलने चारा हुंगलासुद्धा नाही. दुपारपर्यंत तिचं अंग भाजू लागलं आणि बरगड्या धपापू लागल्या.

तेवढ्यात थोरल्या बहिणीचा, सायरजीजीचा फोन आला. आई मेलेल्या रूपलला शिंगरू असल्यापासून तिनेच दूध पाजून वाढवलं होतं.

"वाटेत उतरवून मान मोकळी सोडलीस ना रे?"

"सोडली की, जीजी. दोनदा."

एकदाही सोडली नव्हती. आयाळीत गुंफलेले गोंडे विस्कटू नयेत म्हणून त्याने घोडी ट्रकच्या दांडीला आखूड बांधली होती, आणि जत्रेत मोक्याची जागा मिळावी म्हणून ट्रक दामटला होता.

घोडी विकत घ्यायला आलेले निरवैरसिंग तिच्याकडे बघताच गुमानला भावासारखी हाक मारत म्हणाले, "सौदा राहू दे, वीरा." स्वतःची रजई तिच्या पाठीवर टाकून ते जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आले.

"प्रवासात मान खाली घालू दिली होती?" बाईंनी विचारलं.

भोवती माणसं जमली होती. "हो," गुमान म्हणाला.

"मग थंडी बाधली असेल. ताप उतरवायचं औषध देते."

बाई सुई भरू लागल्या. रूपल खोकली, नाकातून पिवळट घाण गळाली. गुमान पुढे झाला.

"बाई, खोटं बोललो. पूर्ण वाट मान वर बांधलेली होती."

बाईंनी तपासायची नळी रूपलच्या छातीला लावली. "मान वर राहिली की घाण फुफ्फुसात उतरते. निमोनिया झालाय हिला. आधी का नाही सांगितलंत?"

"तू मात्र उतरून ढाब्यावर जेवलास ना?" निरवैरसिंगांनी विचारलं.

जेवला होता. तेही पोटभर. गुमानने मान खाली घातली.

रूपलला निरवैरसिंगांच्या गोठ्यात हलवलं. छातीतलं पाणी काढावं लागलं. ती वाचली, पण तिचा दम कायमचा गेला. आता ती कधी दौडणार नव्हती.

निरवैरसिंगांकडून ढाब्यासकट सगळी खबर मिळताच जीजी बसने आली. रूपलच्या बरगडीला कान लावून ती बराच वेळ उभी राहिली.

"जीजी, मी..."

"मी राहते हिच्यापाशी. तू घरी जा. आईला तूच सांग. ढाब्याचंही सांग."

निरवैरसिंगांची आई ताट घेऊन आली. मक्याची रोटी, मोहरीच्या पाल्याचा साग, वर लोण्याचा गोळा. "खाऊन जा, पुत्तर."

त्याने घास मोडला, पण रूपलकडे बघून तो परत ताटात ठेवला.