मी उरलेला नव्हतो

मी बोलतोय. हो, मीच, ब्रेकचा हात धरून ठेवणारा पट्टा. ओळखलं नाहीत ना? कसे ओळखाल! सायकलच्या मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला, सगळा चिखल उडतो तिथे माझा मुक्काम. बोटभर लोखंडी पट्टी गोल वाकवलेली, दोन्ही टोकांना भोक आणि त्यातून एक स्क्रू. अंगावर ना नाव, ना नंबर. पण गेल्या आठवड्यात माझा जो पाणउतारा झाला, तो ऐकवल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही.

ओसाकाजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. एका यंत्राने कापलं, दुसऱ्याने वाकवलं, आणि मी एका मामाचारीवर चढलो. मामाचारी म्हणजे इथल्या आयांची सायकल. पुढे टोपली, मागे पोराची सीट आणि वजन म्हशीचं. माझं काम एकदाच सांगतो, नीट ऐका. मागचा ब्रेक चाकाच्या मधोमध एका डब्यात असतो. तो दाबला की चाक त्या डब्यालाच आपल्याबरोबर फिरवायला बघतं. म्हणून डब्याला एक लोखंडी हात असतो, आणि तो हात मी सायकलच्या नळीला करकचून बांधून ठेवतो. मी नसलो तर चाक थांबायचं राहिलं बाजूला, ब्रेकच फिरायला लागतो.

माझी पहिली मालकीण जयंतीताई. नवरा मुंबईच्या बँकेतून जपानात, इचिकावात बदलीवर आलेला. माझं नाव तिलाही ठाऊक नव्हतं, पण काही बिघडलं की ती मुकाट्याने दुकानात जायची, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. भारतात परतताना तिने सायकल ओळखीतल्या चारुताला दिली. चारुताचा नवरा अंबरीष, पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. तिथे माझे ग्रह फिरले.

मागचा टायर झिजला होता. दुकानदार म्हणाला, सायकल तीन दिवस ठेवून जा.

"टायर बदलायला तीन दिवस? मी एका तासात करतो," अंबरीष म्हणाला.

रविवारी सकाळी त्याने एक जपानी व्हिडिओ लावला, आवाज बंद करून, दुप्पट वेगाने. निघेल तो नट, निघेल तो स्क्रू बिस्किटांच्या डब्यात टाकत गेला. चाक परत बसलं आणि डब्यात उरलो मी.

"कोरे नानी?" पाच वर्षांच्या नुपूरने मला उचलून विचारलं. हे काय आहे? त्या घरात पहिला शहाणा प्रश्न विचारला तो एवढ्याशा पोरीने.

"काही नाही गं, एक्स्ट्रा आहे," बाप म्हणाला.

एक्स्ट्रा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारखान्यात सायकलींना हौस म्हणून पट्टे लावतात का रे?

"अरे, निघालाय म्हणजे कुठला तरी असेलच ना," चारुता म्हणाली. तेव्हा कुठे साहेबांनी माझा फोटो काढला. फोन म्हणाला, नळाच्या पाइपाची क्लिप. ऑफिसातल्या विश्वजितने ग्रुपवर लिहिलं, 'कुलूप अडकवायचं असेल काहीतरी, टाकून दे.' ज्या नळीवर मी इतकी वर्षं बसलो होतो, ती माझ्यापासून दोन हातांवर होती. तिथे माझा घट्टा पडलेला होता, रंग उडालेला होता. एकदा टेकवून पाहिलं असतं तरी पुरे होतं. पण खाली वाकणार कोण?

त्याने पार्किंगच्या सपाट जागेत एक चक्कर मारली, ब्रेक दाबला, सायकल थांबली. "बघ, काढला तरी काही तुटत नाही. म्हणजे डेड कोड."

अरे दीडशहाण्या, तुझा कोड बिघडला तर पडद्यावर लाल अक्षरं येतात. इथे तुझी बायको आणि पोर बसतात! चाकाचा नट घट्ट होता म्हणून डब्याने तेवढा दाब सोसला. पण नुपूरच्या होइकुएनला जाताना उतार आहे, आणि उताराच्या पायथ्याशी रेल्वेचं फाटक. पाळणाघराची ही वाट त्याने स्वतः कितीदा पाहिली होती!

सोमवारी पाऊस होता, मायलेकी चालत गेल्या. मंगळवारी सायकल निघाली. मी चपलांच्या कपाटावर, त्याच डब्यात.

"अंबरीष, उतारावर मागून कट् असा आवाज आला रे," परत आल्यावर चारुता म्हणाली. "ब्रेकही सैल वाटला."

"नवीन टायर आहे. होईल सेट." लॅपटॉपमधून त्याने मानसुद्धा वर केली नाही.

मला डबा आतून वाजवता आला असता तर सगळी बिल्डिंग जागी केली असती!

मला वाचवलं ते कचऱ्याने. इथे लोखंड फेकायचं तर न जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस यावा लागतो, आणि पिशवी पारदर्शक लागते. तो दिवस बुधवारी आला. मोडकी छत्री, जुनी कढई आणि मी, अशी आमची वरात निघाली. मागच्या सीटवर नुपूर, हातात पिशवी, चारुता सायकल ढकलत कचऱ्याच्या कोपऱ्यावर आली. तिथे देखरेखीला हिराता-सान उभे होते, सत्तरी ओलांडलेले शेजारी. त्यांनी पिशवी निरखली. आपलं वर्गीकरण चुकलं की काय, म्हणून चारुताही पिशवीत डोकावली. त्यांनी मला बाहेर काढलं.

"ओकुसान," म्हणजे वहिनी, "हा या सायकलचा आहे का?"

"एक्स्ट्रा आहे," ती मोडक्या जपानीत म्हणाली.

हिराता-सान गुडघे टेकून बसले. ब्रेकचा हात नळीपासून दोन बोटं खाली सरकला होता. त्यांनी मला त्या दोघांवर टेकवलं, आणि मी चपखल बसलो. "अबुनाई!" ते ओरडले, आणि आधी नुपूरला सीटवरून खाली उतरवलं.

धोका हा शब्द चारुताला चांगला कळत होता. ती आधी पांढरीफटक पडली, मग लाल झाली. तिने फोन लावला. "खाली ये. आत्ता."

"अगं, नऊची मीटिंग..."

"खाली ये म्हटलं ना!"

तो आला, ऑफिसच्या कपड्यांत. हिराता-सान स्वतःच पाना घेऊन बसणार होते, पण चारुताने त्यांना हात जोडले. "नको. तोच करेल."

अंबरीष ओल्या जमिनीवर गुडघ्यांवर बसला. माझा स्क्रू त्याच्या हातून दोनदा पडला.

"काल मी फाटकापाशी चप्पल घासत थांबले, अंबरीष," चारुता हळू आवाजात म्हणाली. "दांडी खाली आली होती. मला वाटलं, मलाच ब्रेक नीट लावता येत नाही."

त्याने स्क्रू उचलून पुन्हा भोकात घातला.

नुपूर त्याच्या शेजारी उकिडवी बसली. माझ्यावर बोट ठेवून तिने पुन्हा विचारलं, "पापा, कोरे नानी?"

"हा..." त्याने स्क्रूला शेवटचा पीळ दिला. "हा तुला थांबवतो, बाळा."

हेच रविवारी बोलला असतास तर?

त्याने चारुताची माफी मागितली. हिराता-सानपुढे दोनदा कमरेत वाकला. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. नाही तर नाही! माझा राग अजून गेलेला नाही, आणि घालवायची मला घाईही नाही. तुम्ही सायकल खुशाल खोला, पण खोलल्यावर काही उरलं, आणि ते काय आहे हे कळेना, तर त्याला एक्स्ट्रा म्हणू नका. खाली बसा, आणि त्या पोरीसारखं विचारा.

आता बोलणं पुरे. आठ वाजून वीस झालेत, नुपूर सीटवर बसली आहे, आणि पुढे उतार आहे.