असंच वाच

“हे पाहून दे ना, प्रतिक्षा. उद्या वर्गात वाचाचं आहे मले.” राखीनं चार पानं पुढं केली. “तुही मराठी चांगली आहे. जिथं चुकलं तिथं सुधरवून दे.”

भंडाऱ्याच्या कॉलेजात दोघी एम. ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला होत्या आणि एकाच भाड्याच्या खोलीत राहत. राखी बपेऱ्याची, प्रतिक्षा आसगावची. पहिल्याच आठवड्यात प्रतिक्षा वर्गात उभी राहून “मले वाटते” म्हणाली आणि मागचे बाक हसले. त्या दिवसापासून तिनं स्वतःचं बोलणं दुरुस्त करायला घेतलं. मोबाइलवर बातम्या लावायची आणि निवेदिकेच्या मागोमाग वाक्यं म्हणायची. ‘मले’चं ‘मला’ झालं, ‘काहून’चं ‘का’ झालं. तोंड उघडण्याआधी ती वाक्य मनात तपासायची. तोवर विषय पुढं गेलेला असायचा.

राखीलाही हसले होतेच. पण ती त्यांच्याबरोबर हसली, आणि महिन्याभरात त्याच मुली तिच्या डब्याभोवती बसू लागल्या. प्रतिक्षाला आता कुणी हसत नव्हतं. जेवायलाही कुणी बोलावत नव्हतं.

लेख रोवण्यावर, म्हणजे भाताची रोपं लावण्यावर होता. ‘माही माय पऱ्हे घेऊन बांधीत वाकली का दिवस बुडेपर्यंत उभी होत नाही.’ पहिल्याच परिच्छेदात प्रतिक्षाला अकरा चुका दिसल्या. तिनं पेन उघडलं. मग दुपारी मधल्या सुट्टीत मुलींनी राखीसाठी धरून ठेवलेली जागा तिला आठवली, आणि तिनं पेनाला टोपण लावलं.

“चांगलं आहे,” ती म्हणाली. “असंच वाच.”

“खरंच? मले तं वाटलं, सारं लाल करशील.”

“एकही शब्द बदलू नकोस.”

ज्याचा लेख निवडला जाईल, तो नागपूरला विद्यार्थी परिषदेत वाचायला जाणार होता. दुसऱ्या दिवशी प्रतिक्षानं आधी वाचलं. कुठं अडखळली नाही. धनंजय सर म्हणाले, “भाषा निर्दोष आहे. बसा.”

मग राखी उठली. पहिल्या वाक्याला मागं खसखस पिकली. प्रतिक्षा बाकाकडं बघत थांबली. दुसऱ्या पानावर खसखस थांबली. तिसऱ्या पानावर, पायाला चिखल्या झालेल्या बाया चुलीच्या राखेत पाय शेकत बसतात तिथं, सरांनी चष्मा काढून हातात घेतला.

“नागपूरला हेच जाईल,” ते म्हणाले. “कुणी याला हात लावला नाही, हे बरं झालं.”

“सर, प्रतिक्षानंच सांगतलं,” राखी म्हणाली. “मी तं सारं खोडणार होती. तिनं म्हटलं, एकही शब्द बदलू नको.”

“तुम्हाला कान आहे,” सर प्रतिक्षाला म्हणाले. वर्गानं टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी पहिल्यांदाच. राखीही वाजवत होती, मनापासून. त्या अकरा चुका आपण मुद्दाम सोडल्या, हे खरं प्रतिक्षाला सांगता आलं असतं. ती हसली आणि मान खाली घातली.

शनिवारी ती आसगावला गेली. आई, मंदाबाई, नुकतीच शेतावरून आली होती. लेक दिसताच तिनं पदरानं हात पुसले.

“आलीस का? तुले… तुला जेवायला वाढू?”

दिवाळीत चार माणसांसमोर प्रतिक्षानं आईला ‘तुले नाही, तुला’ असं म्हटलं होतं. तेव्हापासून मंदाबाई लेकीशी जपून, एकेक शब्द पारखून बोलायची.

प्रतिक्षा चुलीजवळ बसली.

“वाढ ना वो, माय. लय भूक लागली मले.”

मंदाबाईचा हात भाताच्या गंजावर थांबला. तिनं लेकीच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

“माही नक्कल करून राहिली का?”

“नाही वो.”

मंदाबाईनं ताटात भात वाढला, वरून वरण घातलं आणि ताट लेकीपुढं सरकवलं.

“घ्या,” ती पाहुण्यांना म्हणावं तसं म्हणाली. “गरम आहे.”