आजारी जमिनीचा वैद्य

आमच्या तळघरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धी गल्ली लोटली होती. जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं, खिडकीशी वाकलेली माणसं, आणि दाराबाहेर चपलांचा हा ढीग, कारण आजारी जमिनीवर पादत्राणं चालत नाहीत असा निरोप भूमीवैद्यांनी आधीच धाडला होता. ‘भूमीवैद्य’ ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलेली. पांढरेशुभ्र मोजे, मधाळ आवाज आणि हातात एक चपटी बॅग. बॅगेत लाकडासारख्या दिसणाऱ्या व्हिनाइलच्या पट्ट्या. अशा पट्ट्या फरशीच्या कुठल्याही दुकानात मिळतात, पण ह्या म्हणे ‘भारलेल्या’ होत्या.

त्यांनी माझ्या आईला मधोमध उघड्या कोब्यावर उभं केलं. उजवा हात बाजूला सरळ धरायला सांगितला, मनगटावर दोन बोटं ठेवली आणि जरासं दाबलं. आई लगेच कलंडली. तिला सावरलंही त्यांनीच, आणि लोकांकडे असं बघितलं की जणू निदान झालं. मग तिच्या पायाखाली एक पट्टी सरकवली. पुन्हा हात, पुन्हा दाब. या वेळी अख्खा पंजा लावला, कपाळाला आठ्या घातल्या, धापा टाकून दाखवल्या. आई खांबासारखी उभी. गुडघे धरल्याशिवाय खुर्चीतून न उठणारी माझी आई.

बायकांनी तोंडाला पदर लावले. शेजारचे पोस्टमास्तरकाका चष्मा काढून पुसायला लागले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि खरं सांगते, ते पाणी बघून मी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. माणसाला इतक्या वर्षांनी वाटलं की आपल्या अंगात बळ आहे, तर त्याला तिथल्या तिथे कसं सांगायचं की बाई गं, तुला ढकललं आणि मग ढकललं नाही, एवढंच झालं.

भूमीवैद्यांचं प्रवचन सुरूच होतं. जमीन श्वास सोडते. ज्या घराखालची जमीन दुखावलेली, तिचा श्वास आजारी. तो तळपायातून शिरतो आणि गुडघ्यांत, छातीत, संसारात जाऊन बसतो. नोकरी सुटणं, मुलांचं अभ्यासात लक्ष नसणं, नवराबायकोची भांडणं, सगळं त्या एका श्वासाच्या खात्यावर. ‘‘ही फरशी नव्हे, माताजी. ही भूमीच्या जखमेवरची पट्टी आहे,’’ ते म्हणाले. पट्टी एकदा बसली की पुन्हा कधी उचलायची नाही, हेही त्यांनी बजावून सांगितलं. उचललीत तर गुण गेला. हे वाक्य मला फार सोयीचं वाटलं, त्यांच्या सोयीचं.

आता हे सगळं आमच्या घरात का चाललं होतं ते सांगते. आईची खोली वरच्या मजल्यावर. गुडघे इतके गेले होते की ती आठवडेच्या आठवडे खाली उतरत नसे. घर उतारावर आहे, त्यामुळे तळघरात मागच्या अंगणातून एकही पायरी न चढता येता येतं. तिथेच तिच्यासाठी खोली करायची ठरली. पलंग, खुर्ची, अंगणाकडे उघडणारं दार. फरशी कुठली घालायची हा प्रश्न माझ्याकडे आला, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते आणि घरातलं कुठलंही लेबल मलाच वाचायला देतात.

माझं मत व्हिनाइलच्या पट्ट्यांनाच होतं. तळघरात लाकूड फुगतं, गालिचा ओल धरून ठेवतो. जाड थराच्या, एकमेकींत अडकून बसणाऱ्या पट्ट्या पायाला फार गार लागत नाहीत, पाणी सांडलं तर पुसता येतं, खुर्ची सरकवली तरी चरे पडत नाहीत. पण एक अट होती. खालचा कोबा आधी कोरडा हवा. आईला दमा आहे. बंद फरशीखाली ओल राहिली की बुरशी धरते, आणि ती बुरशी पट्ट्यांच्या फटींतून श्वासात येते. तेव्हा मी कोब्यावर प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद केल्या. दोनतीन दिवसांनी उचलायचा. खाली पाणी साचलेलं दिसलं किंवा कोबा काळपट झालेला दिसला, तर ओल आहे. इतकं सोपं.

माझं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, शाळेत परीक्षा चालू. प्लास्टिक उचलून बघायचं काम मी आईजवळ राहणाऱ्या दादावर सोपवलं. त्याचा फोन आला, कोबा कोरडा ठणठणीत आहे. मी निश्चिंत झाले. आमच्याकडे वडील गेल्यापासून तशी रीतच पडली आहे. गॅस बंद आहे का, दाराला कडी आहे का, दादाने ‘हो’ म्हटलं की कोणी उठून बघायला जात नाही. तो मोठा. त्याने आमच्यासाठी शिक्षण अर्धवट सोडलं. त्याच्या शब्दावर शंका घ्यायची असते हे मला कधी सुचलंच नाही.

त्यामुळे त्याने हा भूमीवैद्य घरात आणला तेव्हा मी चिडले, भांडले, पण घाबरले नाही. माझा हिशेब सरळ होता. कोबा कोरडा आहे, पट्ट्या अखेर व्हिनाइलच्याच आहेत, वरून काय मंत्र म्हणायचा तो म्हणू दे. मूर्खपणा आहे, धोका नाही. म्हणून मी भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होते.

मग भूमीवैद्यांनी त्यांचा मोठा चमत्कार काढला. सकाळी येऊन ते दोन काचेचे वाडगे पालथे घालून गेले होते, एक उघड्या कोब्यावर, एक भारलेल्या पट्टीवर. दोन्हींवर फडकं. आता फडकी उचलली. पट्टीवरचा वाडगा लखलखीत. कोब्यावरचा आतून पांढरा धूसर झालेला, आणि एका बाजूने थेंब ओघळत होते. ‘‘भूमी रडते आहे,’’ ते हलक्या आवाजात म्हणाले. जिन्यावरून हुंदका ऐकू आला. पोस्टमास्तरकाकांनी तर हात जोडले.

मी मात्र भिंत सोडून वाडग्याशी वाकले. भूमी रडत नव्हती, पण पाणी खोटं नव्हतं. कोब्यातून ओल वर येत होती. उघडा असताना ती हवेत उडून जाते, म्हणून कोबा दिसायला कोरडा दिसतो. वर काच पालथी घातली की ती अडकते आणि थेंब धरतात. हीच तर माझ्या प्लास्टिकची परीक्षा. त्या भोंदूने भर गर्दीत माझाच प्रयोग करून दाखवला होता, आणि उत्तर आलं होतं, ओल आहे. मग प्लास्टिकखाली ती दिसली कशी नाही?

मी दादाकडे बघितलं. तो वाडग्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मला तेवढ्यात कळलं. तरी मनाने मानायला नकार दिला, आणि मी आधी सोपं काम उरकलं.

मी पुढे झाले आणि म्हटलं, मलाही जरा उपचार करून बघू द्या. सगळ्यांना पाठ फिरवायला लावून दोन जागी चादरी अंथरल्या, एकीखाली पट्टी सरकवली, दुसरीखाली काही नाही, आणि कुठे काय आहे ते फक्त मला ठाऊक. पोस्टमास्तरकाका अंगाने भरभक्कम, त्यांनाच बोलावलं. भूमीवैद्यांना म्हटलं, आता तपासा, ह्या चादरीखाली बळ आहे की नाही. ते म्हणाले, संशयाच्या छायेत शक्ती मिटते. म्हटलं, हरकत नाही, मिटलेली राहू द्या, मी दाबते. मी काकांना पट्टीवरच्या चादरीवर उभं केलं आणि दोन बोटांनी कलंडवलं. मग नुसत्या कोब्यावरच्या चादरीवर उभं करून त्यांच्या हाताला दोन्ही हातांनी लोंबकळले, काका ढिम्म. मग चादरी उचलून दाखवल्या. लोक हसले, काका सगळ्यांत जास्त.

युक्ती इतकीच आहे. बाजूला धरलेला हात खाली दाबताना किंचित बाहेरच्या दिशेने दाबला, तर माणसाचा तोल जातो. तोच हात किंचित आत, त्याच्या पायांच्या दिशेने दाबला, तर तुम्ही त्याला जमिनीतच रोवता, कितीही जोर लावा. बघणाऱ्याला दोन्ही वेळा सारखंच दिसतं. प्रत्येकाने शेजाऱ्यावर करून बघितलं. तळघरात माणसं कलंडू लागली आणि भूमीवैद्य बॅग आवरू लागले.

मग मी वाडगा हातात घेतला. सांगितलं, पट्टीवरचा वाडगा कोरडा आहे, कारण व्हिनाइलमधून पाणी जात नाही. भारलेल्यामधूनही नाही आणि न भारलेल्यामधूनही नाही. पण त्याने जमीन कोरडी होत नाही. पाणी पट्टीच्या खालीच राहतं, फक्त दिसेनासं होतं. म्हणूनच ते सांगतात, कधी उचलून बघू नका. आणि मग, सगळ्यांसमोर, मला विचारावंच लागलं. ‘‘दादा, प्लास्टिकखाली काय होतं?’’

तो म्हणाला, सांगितलं ना, कोरडं होतं. त्याच्या आवाजात नेहमीचा ठामपणा होता. कुणीही विश्वास ठेवला असता. वहिनी जिन्याशी उभी होती. ती आमच्या घरात मोठ्याने बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

‘‘पाणी होतं,’’ ती म्हणाली. ‘‘थेंबच्या थेंब. हे मला म्हणाले, पुसून टाक. मी पुसलं.’’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दादाचं रंगाचं दुकान कधीचं बसलं होतं, त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. भूमीवैद्य ह्या भागात पट्ट्यांचं दुकान काढणार, ते दादा चालवणार. अट एकच, पहिलं घर असं हवं की ज्याच्यावर गल्लीचा भरवसा आहे. आईवर सगळ्यांचा भरवसा होता. ओल आहे असं कळलं असतं तर मी काम थांबवलं असतं. बाहेरचं पाणी भिंतीपासून दूर वळवायचं, कोबा सुकू द्यायचा, पुन्हा तपासायचा, ह्यात महिने गेले असते. तेवढा वेळ त्याच्याकडे नव्हता.

लोक गुपचूप चपला शोधायला लागले. आई पायरीवर टेकली होती. तिने दादाला जवळ बोलावलं. मला वाटलं ती त्याला मारेल, किंवा रडेल. तिने फक्त विचारलं, ‘‘मला इथेच झोपवणार होतास ना रे?’’

दादाची मान खाली होती. ‘‘वरून सगळं झाकलेलं असतं, आई. तुला कळलंही नसतं,’’ तो म्हणाला.

मला आजही वाटतं, तो ते तिची समजूत घालायला म्हणाला. त्याच्या लक्षातच आलं नाही की आपण काय बोललो. आईच्या लक्षात आलं. तिने माझा हात धरला आणि ‘वर ने’ म्हणाली. एकेक पायरी चढताना तिला धाप लागत होती. मध्येच थांबून तिने मला सुनावलं, की तू जगभर मुलांना सांगत फिरतेस, स्वतः बघितल्याशिवाय मानू नका, मग एवढंसं गाव ओलांडून तू का नाही आलीस बघायला? मी म्हटलं, दादाने सांगितलं होतं म्हणून. ती पुढची पायरी चढली.

बाहेरचं पाणी वळवलं. कोबा सुकायला बराच काळ गेला. मग साध्या दुकानातल्या साध्या पट्ट्या बसवल्या, भिंतीशी थोडी फट ठेवून, न भारलेल्या. आई आता खालीच राहते, दार उघडं टाकून बसते, छाती बरी आहे. भूमीवैद्य दुसऱ्या कुठल्या गावात गेले म्हणतात. तुमच्याकडे आले तर हात कुठल्या दिशेने दाबतात ते बघा, आणि जे उचलून बघू नका म्हणतात ते आधी उचला. बुवा सांगो, वैद्य सांगो, आपल्या रक्ताचा कुणीही सांगो, ज्याच्यावर आपल्या माणसाचा श्वास अवलंबून आहे ते आपल्या डोळ्यांनी तपासा. त्यात कुणाचा अपमान नाही. प्रेम असेल तर आणखीच तपासा.

आईने ते मनावर घेतलं आहे. दादा अजून रोज सकाळी तिच्या आंघोळीची बादली भरतो आणि पाणी बेताचं गरम आहे म्हणून हाक मारतो. आई ‘हो’ म्हणते, जाते, आणि आधी एक बोट बुडवून बघते. वर्षानुवर्षं मी तिला हेच शिकवायला बघत होते. आता ती शिकली आहे, आणि ते बघताना मला दादाचा असा राग येतो की सांगता सोय नाही.