सहाव्या भोकावरचा गालिचा

मी गालिच्याचा तुकडा बोलतोय. हसू नका, गोल्फच्या मैदानावर माझी नेमणूक आहे.

सौदी अरेबियातल्या हुफूफजवळच्या वाळवंटात फार वर्षांपूर्वी एका कंपनीच्या इंजिनिअरांनी हे मैदान आखलं. गवत काही उगवेना. मग भोकाभोवतीच्या वाळूत तेल कालवून त्यांनी ती चोपून घट्ट केली. तिला ‘ब्राऊन’ म्हणतात. साहेबाच्या बंगल्यातल्या गालिच्यातून मला कापलं, दोरी बांधली आणि सहाव्या ब्राऊनवर नेमलं. खेळणारा गेला, की मला वाळूवरून ओढायचं. पावलं पुसली जातात.

इंजिनिअर गेले. पुढे एका धर्मादाय ट्रस्टने अशी तीन जुनी मैदानं सांभाळायला घेतली. नियम एकच: कुणीही यावं, खेळावं; काठ्या ट्रस्टच्या, फुकट. पण येतंय कोण? गोल्फ म्हटलं, की लोकांना मोठ्या गाड्याच दिसतात. आमचे रखवालदार हनीफभाई, राजापूरचे. रोज मला रिकाम्या वाळूवर फिरवायचे. पुसलेलंच पुसायचं!

एक दिवस ट्रस्टचं पत्र आलं. अध्यक्ष शुक्रवारी पाहणीला येणार. माणसं खेळताना दिसली तर ठीक, नाहीतर मैदानाला कुलूप.

हनीफभाईंनी गयावया करून जवळच्या हॉस्पिटलातली दोन माणसं मिळवली: डॉक्टर उन्मेष आणि नर्स अमिरुन्निसा. दोघांनी जन्मात काठी धरली नव्हती.

अध्यक्ष अबू राशिद पोचले, तेव्हा डॉक्टर नवव्यांदा चेंडू चुकवत होते.

“ऑपरेशनही असंच करता काय हो?” अमिरुन्निसाने विचारलं.

“तिथं पेशंट हलत नाही.”

“मग चेंडू कुठं हलतोय?”

रडतखडत मंडळी सहाव्या ब्राऊनवर आली. तिथं शेजारची उंटीण बसली होती. बरोबर भोकावर. म्हणजे माझ्यावरच!

“यल्ला, ऊठ गो बाय!” हनीफभाई कळवळले. बाय रवंथ करत राहिली.

“गालिचा ओढा,” अमिरुन्निसा म्हणाली. “बुडाखालून सरकला, की उठेल.”

तिघांनी दोरी धरली. उंटीण ढिम्म. शेवटी अध्यक्षांनी झगा खोचला आणि तेही रांगेत शिरले. इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी ओढलं नव्हतं. पण वयाचा विचार नको का? टर्रर्र! मी मधोमध फाटलो. चौघं एकमेकांवर कोसळले. सगळ्यात खाली अध्यक्ष.

हनीफभाईंचा चेहरा पडला. मैदान गेलं, नोकरी गेली, इथं राहायचा परवाना, इकामाही गेला.

वाळूतून आधी खोकला आला, मग हसणं. अबू राशिद दाढीतली वाळू झटकत उठले आणि त्यांच्या अरबीत म्हणाले, “बाकीच्या मैदानांवर माणसं जांभया देताना पाहिली. खेळताना इथंच पाहिली. खलास, ठरलं! कुलूप नाही.”

तेव्हा कुठे उंटीण उठली. सगळ्या ब्राऊनवर पावलं उमटवत डौलात निघून गेली. जाताना माझा अर्धा भाग तोंडात घेऊन.

आता दर शुक्रवारी नर्सा येतात, ड्रायव्हर येतात, दुकानदार पोरंबाळं घेऊन येतात. मी उरलोय अर्धा आणि काम झालंय दसपट. रोज दोन-चार धागे गळतात. तरी तक्रार नाही.

तुम्हीही या. चपला चालतात, नेम नसला तरी चालतो. आणि घरात एखादा जुना गालिचा गुंडाळून पडला असेल, तर त्याला सोबत आणा. मी आहे तोवर त्याला काम शिकवीन.