दादा, तुझ्या सदऱ्याचं बटण

सम्यक आणि अभय डिलाईल रोडला एका खोलीत राहत. शेजारी त्यांना रूम पार्टनर समजत, आणि ते अगदीच चूक नव्हतं. सम्यकनं एक संगीत नाटक लिहिलं होतं. लालबागचा शिंपी राजाराम आणि बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा कुशाबा एकमेकांच्या प्रेमात पडतात, अशी गोष्ट. शिंप्याचं काम तो स्वतः करणार होता, कुशाबाचं अभय.

निर्माता मिळाला राजेश. मूळचा कणकवलीकडचा, वाढला काळाचौकीत. गाणी ऐकून तो खूश झाला. "फक्त फॅमिली ऑडियन्सला पचेल असं करू," म्हणाला.

आधी मिठी गेली. मग हातात हात घेणं गेलं. गाण्यांतल्या 'सख्या'चं 'मित्रा' झालं. तरी राजेशला झोप लागेना. नाटकातले दोन मित्र एका खोलीत का राहतात, असं लोक विचारतील म्हणे.

"भाऊ करून टाक," त्यानं शेवटी सांगितलं. "सख्खे. मिटला विषय."

सम्यक घरी आला तो नाटक मागे घ्यायचं ठरवूनच. अभय ऑम्लेट करत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मागे कशाला घेतोस? तो सांगतोय तेवढंच कर. भाऊ म्हणाला ना, मग भाऊ कर. गाण्यांचं काय बोलला?"

"काही नाही. त्यांचे म्युझिक ट्रॅक रेकॉर्ड झालेत म्हणाला, शब्दांतून फक्त 'मित्रा' काढ."

"मग काढ. 'दादा' टाक."

मग दोघं इतके हसले की ऑम्लेट करपलं.

तालमींना राजेश यायचा, पण डोळे मोबाईलवर. 'दादा' कानावर पडलं की समाधानानं मान हलवायचा.

पहिला प्रयोग परळच्या एका हॉलमध्ये लागला. पुढच्या रांगेत राजेशची आई अंबिका आणि गावाकडची सगळी मंडळी. पहिला अंक रंगत गेला. मग कुशाबा सदऱ्याचं माप द्यायला दुकानात उभा राहिला, राजारामनं त्याच्या छातीभोवती टेप धरली आणि डोळ्यांत बघत गायला लागला:

"दादा, तुझ्या सदऱ्याचं बटण मी,
सुटता सुटता अडकलो..."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. दुसऱ्या कडव्यात थोरला भाऊ धाकट्याला म्हणाला की तुझा श्वास माझ्या मानेवर राहू दे. खोकणारेही गप्प झाले. सम्यक आणि अभयनं एकही स्वर कमी लावला नाही. जीव ओतून गायले.

मध्यंतरात अंबिकानं राजेशला कोपऱ्यात गाठलं.

"रे, हे सख्खे भाव मां?"

"हो आई."

"मगे भावाभावात असली गाणी? माका मान खाली घालूची पाळी इली. शेजारीण इचारता, तुझो झील ह्या काय दाखवता?"

"आधी भाऊ नव्हते गं. मीच केले."

"आदी कोण होते?"

राजेश इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "प्रेम होतं दोघांचं."

"मगे तसाच ठेवूचा मां. तेवढा तरी बरा दिसला असता. जा, सांग लोकांका."

राजेश धावत आत आला. सम्यक आणि अभय चहा पीत बसले होते.

"दादा काढा," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. मूळचं करा."

"मिठीसकट?" अभयनं विचारलं.

"सगळ्यासकट."

"पण लोकांना कोण सांगणार?" सम्यक म्हणाला. "आम्ही तर भाऊ आहोत."

म्हणून राजेशच पडद्यापुढे गेला. "रसिकहो, पहिल्या अंकात आमच्याकडून थोडी चूक झाली. हे दोघं भाऊ नाहीत."

"मग कोण आहेत?" मागून एक बाई.

राजेशनं आईकडे पाहिलं. तिनं हातानंच 'बोल' म्हटलं.

"एकमेकांच्या प्रेमात आहेत."

हॉलभर सुटकेचा निःश्वास पसरला. "मग आधी सांगायचं ना," ती बाई म्हणाली. काहीजण उठून गेले, पण बाकीच्यांनी दुसरा अंक डोळे पुसत पाहिला आणि शेवटी पुन्हा आलेल्या बटणाच्या गाण्याला वन्स मोअर दिला.

प्रयोगानंतर अंबिका रंगपटात आली. मेकअप पुसणाऱ्या दोघांकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"तुमी खऱ्यातय...?"

सम्यकनं 'हो' म्हणून मान हलवली.

"बरा," ती म्हणाली. "रविवारी घराक येवा. सुनेक सांगतंय सुरमय करूक."

बाहेर राजेश कणकवलीच्या प्रयोगासाठी फोनवर बोलत होता. "एकदम फॅमिली नाटक आहे हो," तो कुणालातरी पटवत होता. "भाऊबिऊ कोणी नाही त्यात."