काठोकाठ प्याले

उझबेकिस्तानातल्या आमच्या मार्गिलानच्या रेशीम कारखान्यात सोमवारची बैठक म्हणजे नऊ माणसं, एक थोरली किटली आणि हमदम आकांचा शब्द. आका संचालक, म्हणून दारापासून सगळ्यांत लांब, मानाच्या जागी. दाराशी हुस्निदा. ती विणकाम खात्याची प्रमुख, सत्तावीस माग तिच्या हाताखाली. पण बैठकीतली एकटी बाई, म्हणून चहा तिनेच ओतायचा.

आणि आमच्याकडे चहा ओतायला बसलं की उसंत नाही. प्याला अर्धाच भरायचा. अर्धा म्हणजे 'बसा, अजून घ्या'. काठोकाठ भरला तर 'प्या आणि निघा', पाहुण्याचा चक्क अपमान. अर्धा प्याला दोन घोटांत संपतो. हुस्निदा तोंड उघडते न उघडते तोच कुणीतरी हात पुढे करायचा. खोटं कशाला सांगू, तो हात बहुतेक वेळा माझाच. मी तुर्सुनबाय, रंगकामाचा उस्ताद. कढयांच्या वाफेत उभं राहून माझा घसा सदा कोरडा.

त्या उन्हाळ्यात आकांच्या मनाने घेतलं की दुपारी शेड तापते, तेव्हा सगळा कारखाना आठऐवजी सहाला सुरू करायचा. हुस्निदाकडच्या सोळा बायका खेड्यांतून येतात. त्यांची पहिली गाडी सातची, बालवाडी उघडते साडेसातला. म्हणजे सोळाजणी घरी बसणार. हे सांगायला तिने दोन सोमवार धडपड केली.

"आका, माझ्या बायकांचं जरा..."

"आधी चहा दे गं, मग तुझ्या बायका," भांडारातला कुदरत म्हणायचा आणि आम्ही हसायचो. मीही हसलो. त्याची आज लाज वाटते.

तिसऱ्या सोमवारी नव्या वेळेचा कागद आकांपुढे होता, नुसती सही बाकी. चहा नीट मुरावा म्हणून हुस्निदाने रीतीप्रमाणे तीनदा तो प्याल्यातून किटलीत परत ओतला. मग आठही प्याले काठोकाठ भरले आणि एकेकापुढे नेऊन ठेवले.

कुणी उचलेना. उचलता येईचना, आमच्या प्याल्यांना कान नसतात, चटके बसत होते.

"काय गं पोरी, हाकलतेस होय आम्हाला?" कुदरत भडकला.

"नाही हो, बसवतेय." ती जागेवर जाऊन बसली. "निवायला दहा मिनिटं लागतील. तेवढं माझं ऐका. मग हवं तर मला हाकला."

बोलली ती मुद्द्याचंच. "गारवा हवा तो रंगाच्या कढयांपाशी उभं राहणाऱ्यांना. रंगकाम सहाला सुरू करा, विणकाम आठलाच राहू द्या. आम्ही येईपर्यंत सूत तयार असेल. दुपारी तासभर माग बंद ठेवू, तो तास संध्याकाळी भरून देऊ. परतीची गाडी सातपर्यंत असते."

आकांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी प्याल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळले. "उस्ताद, सहाला यावं लागेल ते तुम्हाला. काय म्हणता?"

साठी उलटलेल्या माणसाने पहाटेची साखरझोप सोडायची? 'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. हात सवयीने प्याल्याकडे गेला, तर तो भरलेलाच. चहा मागून वेळ मारून न्यायचीही सोय उरली नव्हती.

"येईन," मी म्हणालो. "शिव्या घालत येईन, पण येईन."

आका खो खो हसले आणि कागदावरच्या विणकामापुढचा सहाचा आकडा त्यांनी खोडला.

पुढच्या सोमवारी मी जांभया देत बैठकीला पोचलो. हुस्निदा किटलीकडे वळली, तर किटली जागेवर नव्हती. ती आकांपुढे होती. संचालकाला चहा ओतताना मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. थोडा सांडलाही त्यांनी. पहिला प्याला हातोहात दारापर्यंत गेला. कुदरतनेही तो मुकाट्याने पुढे दिला.

हुस्निदाने प्याल्यात पाहिलं. अर्धाच भरला होता.